ताटांखालची नावं

आर्डिसचं पत्र मका कापणीला येण्याआधीच आलं होतं आणि थँक्सगिव्हिंगचा सण उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. आर्डिस माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आयोवातल्या शेतावरच्या घरात एकटी राहते. तिनं लिहिलं होतं, "एल्मर, मागल्या हिवाळ्यात मी खुराड्यापाशी बर्फावर घसरले, तेव्हापासून कर्टिसनं धोशा लावलाय की म्हातारीनं एकटं राहायचं नाही. घरात दुसरं माणूस असलं तर तो गप बसेल. तू तिकडं भाड्याच्या खोलीत पुस्तकं चाळत बसतोस, ती इथं येऊन चाळ. नाही म्हणालास तरी चालेल. पण लिही."

मी लिहायला बसलो, खोडलं, पुन्हा बसलो. मला लाकडाची शेगडी पेटवता येत नाही. कोंबड्यांची भीती वाटते. ती पुन्हा पडली तर मला उचलता येईल? का तिच्या शेजारी मीही आडवा होईन? हो लिहायचो आणि सकाळी त्यावर काट मारायचो. शेवटी सणाचं बोलावणं आलं आणि वाटलं, जेवताना तोंडानंच काहीतरी सांगू.

पोचलो तर आवारभर चिखल. कर्टिसनं, म्हणजे तिच्या थोरल्या मुलानं, आदल्याच दिवशी डुकरांच्या गोठ्याखालचा खड्डा उपसून सगळी घाण शेतात ओतली होती. तो वास पडद्यांत होता, कोटांत होता, भोपळ्याच्या गोड पक्वान्नातही असावा.

"मामा, नाक कशाला दाबताय?" कर्टिस दारातच ओरडला. "पैशाचा वास हाय त्यो!"

"मग खिशात घालून फिर की," आतनं आर्डिस म्हणाली. "माझ्या घरात कशाला आणलास?"

मला नेहमीप्रमाणं लहान पोरांच्या टेबलावर बसवलं. बायको नसलेल्या माणसाला आमच्यात मोठ्या टेबलावर जागा मिळत नाही. मी एकोणऐंशी वर्षांचा, गुडघे हनुवटीला टेकलेले, शेजारी एक पोर लाल जेलीत बोट घालून ते बोट माझ्या बाहीला पुसतंय. पण त्या बुटक्या खुर्चीचा एक गुण आहे. तिथून सगळ्या गोष्टींच्या खालच्या बाजू दिसतात.

कर्टिसनं टर्कीचं थोरलं ताट डोक्याच्या उंचीवर धरून आणलं. आमच्या आईचं ताट ते, निळ्या काठाचं. ते माझ्या डोळ्यांवरून गेलं तेव्हा बुडाला चिकटपट्टी दिसली. पट्टीवर शाईनं लिहिलं होतं, 'लोइस'. लोइस म्हणजे आर्डिसची लेक. मग लोइसनं बटाट्याचा वाडगा उचलला. त्याखाली 'ट्रूडी'. ट्रूडी कर्टिसची बायको. मी मान वाकडी करून मोठ्या टेबलाच्या पोटाखाली पाहिलं. तिथं 'कर्टिस'.

आमच्याकडं हे चालतं, मला माहीत आहे. म्हातारं माणूस गेल्यावर भांडणं नकोत म्हणून जी वस्तू ज्याला जायची त्याचं नाव तिच्यावर आधीच चिकटवतात. पण ते म्हातारं माणूस स्वतः चिकटवतं, स्वतःच्या हातानं लिहून. ही अक्षरं आर्डिसची नव्हती. तिनं पहाटे उठून भाजलेली टर्की लोइसच्या ताटात पडली होती आणि तिला पत्ता नव्हता.

टर्की कापण्याआधी रिवाजाप्रमाणं एकेकानं आभार मानायला सुरुवात केली.

"मका एकदाचा घरात आला, त्याचे आभार," कर्टिस म्हणाला. "आन् आईला गावातल्या वृद्धाश्रमात खोली मिळती हाय, त्येचेबी. सोमवारी पक्कं कळवायचं. खिडकीतनं चर्च दिसतंय बघ, आई."

"चर्च मला हितनंबी दिसतंय," आर्डिस म्हणाली.

"आपली आई आपल्यात हाय, त्याचे आभार," लोइस म्हणाली आणि तिनं डोळेसुद्धा पुसले. त्या डोळे पुसण्याची मला डुकरांच्या खड्ड्याहून जास्त शिसारी आली.

माझी पाळी आली. मी नेहमी 'सगळ्यांचे आभार' म्हणतो आणि मोकळा होतो. पोरानं पुन्हा बोट पुसलं. या वेळी मी म्हणालो, "मला ही बुटकी खुर्ची मिळाली, त्याचे आभार."

सगळे हसले. आर्डिस हसली नाही. "का रं, एल्मर?"

"इथून ताटांखालचं दिसतं."

तिनं हाताशी असलेलं रश्शाचं भांडं उचललं आणि उलटं केलं. रस्सा पांढऱ्या टेबलक्लॉथवर पसरला, कर्टिसच्या मांडीवर गळला. आर्डिसनं चष्मा वर केला आणि वाचलं. "ट्रूडी." मग मिठाची डबी उलटली. "लोइस. बरं! मिठाचीबी वाटणी झाली."

"आई, ऐक तरी," लोइस म्हणाली. "तू चर्चच्या बाजारात गेली व्हतीस, तवा आम्ही जरा... पुढं भांडणं नकोत म्हणून."

"अजून कुठं कुठं लावलीत?"

ट्रूडीच हळूच म्हणाली, "पलंगाला. मागच्या बाजूनं."

"म्हंजे मी इतके दिस तुझ्या पलंगावर झोपतेय व्हय गं? भाडं काय घेणार?"

"सगळेच करत्यात की हे," कर्टिस पँट पुसत म्हणाला. "आन् तुला हितं एकटीला ठेवून मी रातभर जागा राहू? परत पडलीस तर? कोण हाय तुझ्यासंगं?"

ते मात्र खरं होतं. आर्डिसनं माझ्याकडं पाहिलं. टेबलाच्या त्या टोकाकडून, न कापलेल्या टर्कीवरून. "एल्मर, माझ्या पत्राचं उत्तर कुठंय?"

"येतो मी," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण फार लहान. "राहायला येतो."

"मामा!" कर्टिस हसला. "तुमी? कोंबडी अंगावर आली तर तुमाला कोण सोडवणार?"

"मला शिकवेल ती," मी म्हणालो. याहून चांगलं उत्तर मला सुचलं नाही.

"तोंडी नको," आर्डिस म्हणाली. "तू तोंडानं हो म्हणतोस आन् घरी जाऊन माघार घेतोस. जन्मभर बघितलंय. पत्रानं विचारलंय, पत्रानंच सांग. तवर टर्की खा. ती अजून माझीच हाय."

जेवून सगळे निघाले. निघण्याआधी पट्ट्या लोइसलाच सोलून काढाव्या लागल्या. ओल्या कापसासारख्या त्या तिच्या बोटांना चिकटत होत्या. मी स्वयंपाकघरात बसून लिहिलं, "येतो. शेगडी तू पेटव. पुस्तकं मी आणतो." याच्यावर काट मारायला जागा राहू नये म्हणून अक्षरं मोठी काढली. पाकिटावर आर्डिसचं नाव, आर्डिसचाच पत्ता. तिकीट तिनं दिलं आणि वर पाहिलंसुद्धा नाही.

सणाला टपाल नसतं. रात्र मी तिथंच काढली. सकाळी चिखल तुडवत, नाकाला रुमाल लावून, रस्त्याकडेच्या घरच्या टपालपेटीपर्यंत गेलो. पाकीट आत ठेवलं आणि न्यायचं पत्र आहे हे कळावं म्हणून पेटीची लाल झेंडी वर केली. खाली केली. पुन्हा वर केली, आणि मग हात खिशात घालून उभा राहिलो.

टपालवाली गाडीतून वाकली, पाकीट काढून वाचू लागली. "अहो, हे तर इथलंच. घरात देऊन टाका की. तिकीट वाया कशाला घालवता?"

"नको," मी म्हणालो. "गावात नेऊन शिक्का मारा आणि उद्या घेऊन या."

तिनं माझ्या बुटांकडं पाहिलं, मग घराकडं. खांदे उडवले, पाकीट पिशवीत टाकलं आणि गाडी पुढं काढली.