समोरची भट्टी

समोरच्या धुराड्यातून पांढरा धूर निघायला लागला, तशी सासऱ्यांनी आपली खुर्ची उचलून खिडकीत आणली. आमच्या घरात हा माणूस पाण्याचा पेला स्वतः उचलत नाही, खुर्ची कुठली!

“बस गं सूनबाई,” ते म्हणाले. “आज देवाचा न्याय बघायचा.”

आमची बेकरी आहे आणि रस्त्यापलीकडे, अगदी नाकासमोर, दुसरी. तिच्या मालकाचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. तो ‘समोरचा’. पीठ मळायला तो आमच्याकडेच शिकला, आमच्याच टेबलावर जेवला आणि मग खाल्ल्या घरचे वासे मोजले. समोर दुकान टाकून त्याने सगळीकडे सांगितलं की आमच्या पिठात उंदीर फिरतात. एखादा फिरत नव्हता असं मी म्हणणार नाही, पण त्याची दवंडी पिटायची काय गरज होती? गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच.

त्याची भट्टी सांभाळायची ती त्याची बायको. हा गल्ल्यावर बसून गोड बोलायचा. ती आजारी पडली आणि पावसाळाभर अंथरुणातच राहिली. भट्टी विझली, वरचं छप्पर गळत राहिलं. मागच्या आठवड्यात तिला मूठमाती दिली. सासूबाई आणि मी गेलो होतो. सासरे गेले नाहीत.

विझून पडलेली भट्टी ओल धरते. तिला आधी काही दिवस बारीक जाळावर कोमट करत आणावं लागतं. एकदम पेटवली तर विटांमधल्या पाण्याची वाफ होते आणि घुमट तडकून खाली येतो. हे समोरच्याला कुठून कळणार? सासऱ्यांनी त्याला पीठ शिकवलं होतं, जाळ नाही. जाळ ते कुणालाच शिकवत नाहीत. मला कळतं ते चोरून बघून.

पावाची पहिली खेप काढून झाली, दुकान उघडलं, तरी खुर्ची खिडकीतच. धूर दाट होत चालला होता. तो धूर नव्हताच, वाफ होती. वारा पडला होता, त्यामुळे ती वर जाईना, रस्त्यावरच साचत होती. पलीकडे उघड्या दारातून समोरचा लाकडांवर लाकडं आत ढकलताना दिसत होता. मध्येच तो बाहेर येऊन धुराड्याकडे बघायचा आणि परत आत जायचा. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली. बटणं लावून देणारी गेली, असं माझ्या मनात आलं आणि मला कसंतरी झालं.

“बाबा, त्याला सांगायला हवं.”

“मी सांगू? माझ्या पिठात उंदीर सोडणाऱ्याला?”

“अहो, तो त्या भट्टीच्या तोंडाशी उभा आहे.”

“करावं तसं भरावं. मी काही केलेलं नाही. देव करतोय.”

“देवाच्या नावावर बिल फाडू नका!” मी बोलून गेले.

मोठा भडका उडणार असं मला वाटलं. पण तेवढ्यात समोरून आवाज आला. टक्. मग थोडं थांबून पुन्हा, टक्. सासऱ्यांनी मान तिरकी केली. त्यांना तो आवाज माझ्यापेक्षा जास्त कळत होता. त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

आतून सासूबाई आल्या, हात पिठाने माखलेले. त्या फारशा बोलत नाहीत. आमच्याकडे रीत अशी की रोज पहिली खेप आत जाण्याआधी सासरे मोठ्याने प्रार्थना करतात आणि आम्ही सगळे ‘आमेन’ म्हणतो. त्या आमेनशिवाय पाव भट्टीत जात नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या, “करा प्रार्थना.”

“सकाळीच झाली की.”

“ती पावाची झाली. आता ही करा. इथे बसून जे मागताय ते मोठ्याने मागा. प्रभूने ऐकू दे. मी आमेन म्हणते.”

सासऱ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. मग सवयीने त्यांची मान खाली गेली, हात जोडले गेले.

“हे प्रभू,” ते म्हणाले. “समोरच्या... समोरच्या त्या...”

पुढे शब्द येईनात. सासूबाई आमेनसाठी थांबून राहिल्या. पलीकडे समोरच्याने गुडघे टेकले आणि आत काय बिघडलंय ते बघायला भट्टीच्या तोंडात डोकं घातलं.

खुर्ची उलटी पडली. इतक्या वयाचा माणूस असा धावताना मी बघितला नव्हता. त्या वाफेने रस्ता धूसर झाला होता, तरी ते गेले. मीही मागोमाग धावले. मी दारात पोचले तेव्हा त्यांनी समोरच्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं होतं आणि दोघं जमिनीवर कोसळले होते. त्याच क्षणी घुमट खाली आला. विटा, निखारे, राख. समोरचा हात हलवतोय हे बघितलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

बराच वेळ ते दोघं नुसते खोकत होते. सासऱ्यांचं मनगट भाजलं होतं. समोरचा त्या ढिगाऱ्याकडे बघून रडायला लागला.

“तिची भट्टी होती, मालक,” तो म्हणाला. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून मालकच निघालं. “सगळ्यांनी पाठ फिरवली. तुम्हीच धावून आलात. मी तुमच्याशी कसा वागलो, आणि तुम्ही...”

त्याने सासऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “पण तुम्हाला कळलं कसं?”

“धूर पांढरा होता,” सासरे म्हणाले. “ओल असली की होतो.”

“पण तो तर सकाळपासून...”

तो मध्येच थांबला. त्याने रस्त्यापलीकडे आमच्या खिडकीकडे बघितलं, मग सासऱ्यांच्या तोंडाकडे.

तेव्हा ते खोटं बोलले असते तर मी मान डोलावली असती. सासूबाईंनीसुद्धा डोलावली असती.

“होय,” सासरे म्हणाले. “सकाळपासून.”

समोरच्याने त्यांचा हात सोडला.