रणधीर परत येतोय

माझ्या वडिलांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक त्यांची रणधीर गाडी आणि दुसरा त्यांचा जावई. गाडी त्यांनी निवडली होती, जावई मी. परमेश्वर मूळचा सोनपेठचा असला तरी शिकला-वाढला पुण्यात, त्यामुळं अण्णांनी सुरुवातीला त्याच्याकडं धड बघितलंसुद्धा नव्हतं. मग कळलं की तो रणधीर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. त्या दिवसापासून मुलगा एकदम खानदानी निघाला.

रणधीर म्हणजे डिझेलवर चालणारी, चौकोनी, दणकट जीप. कंपनीनं ती बंद करून बरीच वर्षं झाली, पण आमच्या बोरीत ज्याच्या दारात रणधीर उभी आहे तो माणूस अजूनही जरा छाती पुढं काढूनच चालतो. अण्णांनी चावी फिरवली की तीन गल्ल्यांना कळतं, दिनकरराव निघाले. त्यांना नेमकं तेच आवडतं. अशा गाडीवेड्यांचं गावात एक मंडळ आहे. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे महारुद्रकाका आणि किराणा दुकानवाले चन्नप्पाकाका हे त्यातले खंदे. दुकानं पोरांवर टाकून हे लोक तासन्‌तास गिअर आणि सायलेन्सरवर बोलू शकतात. त्यांच्या बायका काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

यंदा कंपनीनं जाहीर केलं की रणधीर नव्या रूपात परत येतोय. कापडाखाली झाकलेल्या गाडीचा एक फोटो तेवढा दाखवला. अण्णांनी लगेच परमेश्वरला फोन लावला.

"जावईबापू, इंजिन तेच हाय ना?"

"मामा, मला त्याबद्दल काहीच बोलता येत नाही. नोकरीचा प्रश्न आहे."

"समजलं, समजलं," अण्णा म्हणाले आणि खुशीत फोन ठेवला.

काय समजलं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. आमच्याकडं सोयरिकीच्या बैठकीत जो नाही म्हणत नाही, त्याचा होकार धरतात. माझंही लग्न तसंच जमलं. सगळे अण्णांच्या तोंडाकडं बघत होते, अण्णा सुपारी चघळत गप्प बसले, आणि तेवढ्यावर साखर वाटली गेली. अशा माणसासमोर परमेश्वर गप्प बसला होता.

त्यात धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही रीत. अण्णांनी दिवस निवडला तो बरोबर गाडी दाखवणार होते तोच. म्हणजे जावयाला मानानं शेजारी बसवून सोहळा बघता येईल.

सकाळी परभणी स्टेशनवर उतरलो तर अण्णा रणधीर घेऊन हजर. त्या गाडीत बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून बोरी येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. बोरीच्या स्टँडसमोर मात्र अण्णांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि बोटानं वर दाखवलं.

दोन खांबांच्या मध्ये बॅनर ताणलेला होता. 'रणधीर परत येतोय! डिझेलचा ढाण्या वाघ पुन्हा रस्त्यावर. पक्की खबर देणारे आमचे जावई मा. परमेश्वरराव, पुणे.' मधोमध परमेश्वरचा लग्नातला फेटा बांधलेला फोटो. खाली काळा गॉगल लावून, मोबाईल कानाला धरून अण्णा. त्यांच्या दोन्ही बाजूंना काकामंडळी.

"कसं वाटायलंय?" अण्णांनी विचारलं.

परमेश्वरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मामा, हे आत्ताच्या आत्ता उतरवा."

"लाजू नका ओ."

"लाजत नाही मामा. मी हात जोडतो, काढा ते."

"तुमी आजचे मानकरी. मानकऱ्यानं हात जोडायचे नसत्यात," असं म्हणून अण्णांनी चावी फिरवली. पुढचं काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

घरी पोचून चहा होतोय तोवर परमेश्वरचा फोन वाजला. तो उठून मागं पाण्याच्या टाकीकडं गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी गेले, तर टाकीच्या कठड्यावर बसून होता. बॅनरचा फोटो ग्रुपमधून फिरत पुण्याला त्याच्या साहेबांपर्यंत पोचला होता. कंपनीच्या नावानं बाहेर बातम्या दिल्या, त्याचा लेखी खुलासा संध्याकाळपर्यंत मागितला होता.

"दिल्यास का तू?" मी विचारलं.

"तुला तरी काही सांगितलंय का मी?"

नव्हतं सांगितलं. तीन वर्षं हा माणूस रोज डबा घेऊन जात होता आणि ती गाडी काळी का गोरी हे मला ठाऊक नव्हतं. मला त्याचा राग आला, अण्णांचा त्याहून आला, आणि दोन्हीच्या खाली भीती होती. घराचे हप्ते, माझी नुकतीच सुटलेली शाळेतली नोकरी, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

"खरं काय आहे ते तरी सांग."

"बारा वाजता कळेल," तो म्हणाला. त्या वेळी त्याला टाकीत ढकलावंसं वाटलं.

बारा वाजता आमचा हॉल भरून गेला. मोबाईल टीव्हीला जोडला होता. पुढच्या खुर्चीवर नवे कपडे घालून परमेश्वर, शेजारी अण्णा, खाली सतरंजीवर मंडळ. चन्नप्पाकाकांनी कपाळाला ताजं भस्म लावलं होतं आणि येताना पेढे आणले होते. पडद्यावर दिवे मंद झाले, संगीत वाजलं आणि मागच्या अंधारातून गाडी पुढं आली.

मोत्यासारख्या पांढऱ्या रंगाची, गोल गोल, गुळगुळीत. पुढं जाळी नाही. मागं सायलेन्सर नाही.

"टीव्हीचा आवाज वाढवा की," चन्नप्पाकाका म्हणाले.

"वाढिवलेलाच हाय," महारुद्रकाका म्हणाले.

मग निवेदिकेनं सांगितलं की ही रणधीर संपूर्ण इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर आहे. हॉलमध्ये कुणी हललं नाही. मी अंत्यविधीला गेले आहे, तिथंही इतकी शांतता नसते.

"क्रॉसओव्हर मंजे?" कुणीतरी हळूच विचारलं.

"मंजे धड जीप न्हाई आन धड कार न्हाई," महारुद्रकाका म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "ही रणधीर हाय? ही तर साबनाची वडी हाय. हिला मोबाईलवानी चार्जिंगला लावायची?"

"नाव तरी दुसरं ठिवायचं होतं," चन्नप्पाकाका म्हणाले. पेढ्यांचा पुडा त्यांनी हळूच पाठीमागं सरकवला.

सगळ्यांचे मोबाईल एकदम किणकिणू लागले. मराठवाड्यातल्या रणधीरवाल्यांच्या ग्रुपवर आकांत चालला होता. पिंगळीच्या एकानं जुन्या रणधीरच्या फोटोला हार घालून खाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं होतं. आणखी एकानं तिच्या इंजिनाचा आवाज टाकला होता, तो एकाच वेळी चार मोबाईलवर वाजला आणि महारुद्रकाकांनी चक्क डोळे पुसले. सगळ्यात शेवटी आमच्या स्टँडवरच्या बॅनरचा फोटो आला. खाली फक्त दोन शब्द, 'पक्की खबर', आणि हसून लोळणारे चेहरे, मोजता येणार नाहीत इतके.

मी परमेश्वरकडं बघत होते. साबणाची वडी ऐकलं तेव्हा त्यानं मान खाली घातली होती, ती तशीच होती.

अण्णांनी मोबाईल उलटा ठेवला. "तुमाला ठावं होतं."

"होय मामा."

"एकदा न्हाई मनायचं. लय काई सांगा असं न्हाई. नुसतं न्हाई. सगळ्या जिल्ह्यात बेइज्जती झाली माझी."

मग माझाच तोल गेला. "अण्णा, न्हाई मनले असते तर सगळंच सांगितल्यावानी झालं नसतं का? त्यांनी हो तरी कवा मनलं व्हतं? न इचारता त्यांचा फोटो टांगला तुमी. खबर दिली मनून कंपनीनं सकाळी फोन केलाय. सांजच्याला खुलासा द्यायचाय. नोकरी जायलीय त्यांची, आन तुमी इज्जतीचं काय घेऊन बसलाव?"

गाडी बघून बसला नसेल एवढा धक्का आता त्या हॉलला बसला. आई हातात पळी घेऊन दारात येऊन उभी राहिली. महारुद्रकाका "इतक्यावरून?" असं काहीतरी पुटपुटले. अण्णांचं तोंड मला कधी इतकं म्हातारं दिसलं नव्हतं.

शेवटी आईच म्हणाली, "धोंडे गार व्हायलेत. आधी पाय धुवा."

रीत ती रीत. परमेश्वर पाटावर बसला, मी शेजारी. अण्णांनी पितळी परात पुढं ओढली आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. एरवी या वेळी थट्टा चालते, जावई अंगठी मागतो, सासरा खिसे उलटे करून दाखवतो. आज पाण्याचा आवाज तेवढा येत होता. अण्णांनी पंच्यानं पाय पुसले आणि वर न बघता विचारलं, "त्या गाडीत तुमचं काय हाय?"

"दारं, मामा. चारही दारं. तीन वर्षं त्यांच्यावरच होतो."

"बरी लागत्यात का?"

"हलक्या हातानं लागतात. एकदाच ठप्प होतं, खडखड नाही."

अण्णांनी मान हलवली. रणधीरचं दार तीनदा आपटल्याशिवाय लागत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"शिडी आणतो," महारुद्रकाका बाहेरून म्हणाले. "बाजाराची गर्दी व्हायच्या आत बॅनर उतरवून टाकू, दिनकरराव."

"नगं," अण्णा म्हणाले. त्यांनी सदरा चढवला, महारुद्रकाकांना सोबत घेतलं आणि ताट तसंच सोडून गेले. रणधीर जिंतूरच्या रस्त्याला लागल्याचं आम्हाला आवाजावरून कळलं.

रुसून गेले, असंच मी धरलं. दुपारभर परमेश्वर खुलासा लिहीत बसला. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, एवढं एक वाक्य, पण कितीदा लिहिलं तरी ते खोटं वाटत होतं, कारण समोर पुरावा म्हणून त्याचाच फेट्यातला फोटो होता. आई दोनदा चहा ठेवून गेली आणि दोन्ही वेळा तो गार झाला.

ऊन उतरल्यावर स्टँडकडून चन्नप्पाकाकांचा फोन आला. "प्रियांका, जावयाला घिऊन ये. बापाला बगून जा तुज्या."

आम्ही जवळजवळ पळतच गेलो. सकाळचा बॅनर जागेवरच होता. त्याच्या खाली अण्णा शिडीवर उभे, महारुद्रकाकांनी शिडी धरलेली, आणि अण्णा दुसऱ्या बॅनरची दोरी खांबाला बांधत होते. जिंतूरहून ताजा छापून आणलेला, रंगाचा वास अजून येत होता. ठसठशीत अक्षरं होती.

'जाहीर खुलासा. वरील खबर आमच्या जावयांनी दिलेली नाही. त्यांनी आम्हाला काहीही सांगितले नव्हते. आम्ही मनानेच ठरवले व चुकलो. दिनकरराव, बोरी.'

बाजूला तोच गॉगलमधला, मोबाईल कानाला लावलेला फोटो. बॅनरवाल्याकडं त्यांचा दुसरा नव्हता.

आमच्या स्टँडवर वाढदिवसाचे बॅनर लागतात, निवडीचे लागतात, श्रद्धांजलीचे लागतात. मी चुकलो म्हणून कुणी स्वतःच्या फोटोसकट बॅनर लावल्याचं बोरीनं पाहिलं नव्हतं. पानटपरीवरची माणसं रस्त्यात येऊन उभी होती. एसटी आली, तिच्या ड्रायव्हरनं सगळं वाचलं, आणि वाचून झाल्यावरही गाडी हलवायचं विसरला. हसायला आलेले हसले नाहीत. दुपारी ज्याचा फोटो जिल्हाभर फिरवून लोक लोळत होते, तोच माणूस घामानं भिजून खाली उतरत होता.

"फोटो काढा," अण्णा परमेश्वरला म्हणाले, "आन धाडा तुमच्या सायबाला. मनावं, सासरा अडाणी हाय, जावई न्हाई."

परमेश्वर अण्णांना हात द्यायला पुढं झाला. फोटो मीच काढला, दोन्ही बॅनर एकात बसतील असा, आणि तो खुलाशाला जोडून पाठवून दिला. पुढं ताकीद देऊन साहेबांनी प्रकरण मिटवलं, पण ते त्या संध्याकाळी आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही नुसते उभे होतो.

अण्णा रणधीरमध्ये जाऊन बसले. दार एकदा आपटलं, दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा लागलं. मग काच खाली करून त्यांनी परमेश्वरला जवळ बोलावलं.

"ती आली की एकदा घिऊन या हिकडं," ते म्हणाले. "चालवनार न्हाई मी. दार लावून बगायचंय."

परमेश्वर काहीतरी म्हणाला, पण अण्णांनी चावी फिरवली होती.