कल्लाप्पांनी सांगितलेला गुरुपाद

गुरुपाद नक्की बिघडला कधी, यावर युवराज आणि भीमरत्न शाळेपासून भांडत आले होते. आता दोघांच्याही मिशा पांढऱ्या झाल्या, पण वाद काही मिटला नव्हता.

गुरुपाद म्हणजे एका जुन्या कन्नड मालिकेतला ट्रक ड्रायव्हर. गोव्याची दारू चोरून घाट चढवणारा. निपाणीच्या त्या गल्लीत टीव्ही होता तो भीमरत्नच्या घरी. रविवारी सकाळी अर्धी गल्ली तिथं मांडी ठोकून बसायची. पोरं सगळी मराठी शाळेतली, कन्नडच्या नावानं आनंदीआनंद. मग भीमरत्नचे वडील कल्लाप्पा एकेक वाक्य मराठीत करून सांगायचे. सरकारी बस हुबळीपर्यंत नेऊन नेऊन त्यांचं कन्नड पक्कं झालं होतं. पडद्यावर कुणी रडलं की तेही नाक ओढायचे. मध्येच टीव्हीवर मुंग्या आल्या तरी कल्लाप्पांची गोष्ट थांबत नसे. काय सुखाच्या सकाळी होत्या त्या!

भीमरत्न आता बेळगावात टिळकवाडीला राहणारा प्राध्यापक. त्याला ते सगळे भाग मोबाइलवर सापडले आणि रविवार गाठून तो निपाणीला वडिलांकडे आला. युवराजलाही त्यानं त्याच जुन्या टीव्हीच्या खोलीत बोलावून घेतलं. त्याचं म्हणणं जुनंच होतं. गुरुपाद पहिल्या खेपेलाच घसरला, भावाला दरीत ढकललं ते फक्त उघडं पडणं होतं. युवराज ऐकतोय थोडाच. माणूस गळ्यापर्यंत बुडाला हे त्याला मान्य होतं, पण शेवटी तुरुंगातून त्यानं पोराला बोलावलं ना? पोरासाठी ज्याचा जीव तुटतो तो पुरता वाया गेलेला नसतो, एवढ्यावर युवराज अडून बसायचा.

अडून बसायला कारण होतं. ती मालिका लागायची त्याच वर्षी युवराजचे वडील, परशराम, हिंडलग्याच्या तुरुंगात होते. बांधाच्या भांडणात त्यांनी चुलतभावाचं डोकं फोडलं होतं. शाळेतली पोरं युवराजला गुरुपादचं पोरगं म्हणून चिडवायची. बापाचं तोंड बघणार नाही म्हणून तो हट्टाला पेटला होता, आई सांगून थकली. मग शेवटचा भाग लागला. गजांमागून गुरुपाद बायकोला काहीतरी म्हणाला आणि कल्लाप्पांनी सांगितलं, "पोराला एकदा आण म्हणतोय. त्याला बघितल्याबिगर जीव ऱ्हात न्हाय म्हणतोय."

पुढच्याच भेटीला युवराज आईबरोबर बसमध्ये बसला. वडिलांनी जाळीतून त्याची बोटं तेवढी धरून ठेवली. सुटून आल्यावर ते मरेपर्यंत बापलेक एका ताटात जेवले.

भीमरत्ननं तोच शेवटचा भाग लावला. दुकानदारीत युवराजही एव्हाना कन्नड शिकला होता. गजांमागचा गुरुपाद बायकोकडे न बघता म्हणाला, पोराला इथं आणू नकोस, मला पोरगं नाही.

युवराजनं परत लावायला सांगितलं. परत तेच. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तो भांडला तो गुरुपाद मालिकेत कधी नव्हताच. तो या खोलीतच तयार झाला होता.

"मला बी गेल्या आठवड्यातच कळलं," भीमरत्न हळूच म्हणाला.

खुर्चीत बसलेल्या कल्लाप्पांच्या कानांनी आता दगा दिला होता. पडद्यावरचे ओठ हललेले दिसत, शब्द पोचत नसत. त्यांनी कानामागं हात धरला. "काय म्हणतोय रं त्यो?"

युवराज उठला, त्यांच्या कानाशी वाकला. तो मोठ्यानं म्हणाला, "पोराला एकदा आण म्हणतोय, आप्पा. त्याला बघितल्याबिगर जीव ऱ्हात न्हाय म्हणतोय."

कल्लाप्पांनी मान हलवली. ते युवराजकडे बघत होते, मोबाइलकडे नाही.

"आन् तू गेलतास न्हवं?"

"गेलतो, आप्पा," युवराज म्हणाला.