तात्याबाच्या गोठ्यातले वीस

"आकाराम, अरे बघ तरी!" मानेसाहेबांनी त्याला मायक्रोस्कोपपाशी ओढलंच.

काचेखाली डासाच्या मादीची रंगसूत्रं, पट्ट्यापट्ट्यांची. सांगलीच्या प्रयोगशाळेला डास पुरवणाऱ्या आकारामला त्यातलं कप्पाळ कळणार! अकरा वर्षं तो गोठ्यागोठ्यांतून काचेच्या नळीनं डास ओढत आला. त्याला कळायचे ते भिंगाखालचे पंख.

"पंख साऱ्यांचे सारखे," साहेब म्हणाले, "पण पट्टे दोन तऱ्हांचे. चौदांचे एक, सहांचे दुसरे, मधला मिसळलेला एकही नाही. एकाच गोठ्यात राहून सोयरीक नाही, म्हणजे जातीच वेगळ्या! शहात्तरपासून हिवताप उसळलाय, या दोन जातींतला कुठला डास तो पसरवतो ते आता शोधता येईल. उद्या अहवाल जाणार. तुझं कायम व्हायचं पत्रही सोबत पाठवतो."

सहा! आकारामनं भिंगावरचा डोळा काढला.

कराडच्या वरच्या डोंगरवाडीत, तात्याबाच्या गोठ्यात, चौदाच माद्या मिळाल्या होत्या. दंडक विसाचा. मग या शहाण्यानं माधवनगरला घरी येऊन आपल्याच म्हशीमागच्या सहा धरल्या आणि चिठ्ठीवर तात्याबाचं नाव लिहून मोकळा झाला. पंख तेच, मग डासही तोच, असंच डास गोळा करणारे सगळे समाहारक धरून चालायचे.

दुपारी तो भाकरी घेऊन बाहेर बसला. शिपाई धुळाला त्यानं सगळं सांगितलं.

"आवं, झाकली मूठ ऱ्हाऊ द्या," धुळा म्हणाला. "अकरा वर्सं हंगामी हाईसा. डास काय साक्षीला येतोय व्हय?"

हात धुऊन आकाराम साहेबांसमोर उभा राहिला.

"सायेब, त्ये सा डास तात्याबाचं न्हाईत. माज्या म्हशीचं हाईत."

"का पण?"

"ईस भरंनात. पंख सारकंच दिसलं."

साहेबांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोन गावांचे डास, त्यांची सोयरीक होणारच कुठून! त्यांनी अहवाल फाडला, पत्र खणात टाकलं आणि वीस रिकाम्या नळ्या त्याच्यापुढे सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आकाराम तात्याबाच्या गोठ्यात बॅटरी मारत होता. कानाकोपरा धुंडाळून झाला, तरी तेराच.

"आवं पावनं," दारातून तात्याबा म्हणाला, "शेजारच्या नाथाजीकडं लय हाईत. तितनं भरा की!"

"न्हाई, बाबा."

त्यानं तेरा नळ्यांना कापसाचे बोळे लावले. चिठ्ठीवर लिहिलं, तात्याबाचा गोठा, नग तेरा. उरलेल्या सात नळ्या फडक्यानं पुसून तशाच रिकाम्या पेटीत ठेवल्या.