उशिरा उठणाऱ्याच्या पोटातले धवले

थांबा, बोलतो. उठल्याबरोबर तोंड उघडायची मला सवय नाही. आता मी चटकन उठतो, पण इतकी वर्षं रेंगाळत उठलो की बोलण्यातलं रेंगाळणं अजून गेलेलं नाही. मी कळव्याच्या देवरामच्या घरातला कॉम्प्युटर. खिडकीखालच्या टेबलावर बसलेला.

मला कोणा एका आईनं जन्म दिला असं नाही. ठाण्याला स्टेशनाजवळच्या दुकानात माझी जुळणी झाली. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची. गावजेवणासारखं, तांदूळ कोणाचे, डाळ कोणाची, पण पंगत एकच. डिस्क म्हणजे माझं पोट. मला जे दिलं ते तिथं जाऊन राहतं.

देवराम वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कामाला. त्याची मुलगी विनिता कॉलेजात गेली म्हणून त्यानं मला आणलं. रिक्षातून उतरलो तर दारात त्याची आई उभी, हातात हळदकुंकवाचं ताट. तिनं मला ओवाळलं, माझ्या कपाळावर म्हणजे पुढच्या बटणाच्या वर टिळा लावला, आणि मग घरात घेतलं.

ही शेवंती. हिची ओळख नीट करून द्यायला हवी, कारण माझी गोष्ट म्हणजे अर्धी तिचीच आहे. शेवंती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडव उभा राहिला की भटजीच्या आधी धवलारणीला बोलावणं जातं. मांडवाला उंबराची फांदी बांधायची तर तिचं गाणं, हळद लावायची तर तिचं गाणं, नवरी पाटावरून उठायची तर तिचं गाणं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. शेवंतीला अक्षर येत नव्हतं, पण धवला कधी चुकला नाही. आसपासच्या गावांतल्या किती नवऱ्या तिच्या आवाजावर हळदीला बसल्या, त्याची गणती तिलाही नव्हती.

तिचं लहानपण मिठागरात गेलेलं. मिठागरं गेली, तिथं इमारती आल्या, पण खारी हवा लोखंडाचं काय करते ते ती विसरली नव्हती. घरात आलो त्याच आठवड्यात तिनं माझं माप घेतलं आणि जुन्या लुगड्याची झूल शिवली. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी घट्ट. फक्त बटणापुरतं भोक.

विनिता म्हणाली, आजी, बंद असताना घाल, चालू असताना काढत जा, त्याला गरम होतं. त्यावर शेवंती म्हणाली, “पोर जागं झालं म्हनून कोन त्याची कुंची काढतं का गो?”

विनिता हसली. झूल राहिली. खरं सांगतो, मला ती आवडायची. तिला शेवंतीच्या कपाटाचा, विड्याच्या पानांचा वास होता. पण माझा श्वास मागच्या जाळीतून, आणि जाळीवर लुगडं. पंखा बिचारा आतल्या आत तीच गरम हवा फिरवत बसायचा. मायेनं माणसाचंही असं होतं कधी कधी.

कॉलेजच्या कुठल्याशा कामासाठी विनितानं एकदा शेवंतीला माझ्यासमोर बसवलं, कानाला लावायच्या यंत्राचा माइक तिच्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, म्हण. शेवंती आधी लाजली. मांडव नाही, नवरी नाही, डब्यासमोर कसं म्हणायचं? मग तिनं माझ्याकडे पाठ केली, खिडकीतून अंगणाकडे पाहिलं आणि सुरू केलं. एकामागून एक सगळे धवले माझ्या पोटात आले. विनिता म्हणाली, उद्या मोबाईलमध्ये घेते. तो उद्या काही आला नाही. माणसांचा उद्या असाच असतो.

पुढं मी हळू झालो. सुरुवातीला थोडा, मग फारच. देवराम म्हणायचा, ह्याला चालू करावं आणि कुकर लावावा, भात आधी होईल. त्याला धीर नव्हता. मी अर्धवट जागा झालो की तो बटण दाबून धरायचा आणि मला पाडायचा, आणि लगेच पुन्हा उठवायचा. झोपेतून उठणाऱ्याला जिन्यावरून ढकलावं तसं. दरवेळी पोटात कुठंतरी ओरखडा उठायचा.

त्यात हितेश. देवरामचा भाचा, हळदीला डीजे वाजवणारा. जीव लावणारा पोरगा, पण हात स्वस्थ नाही. येईल तेव्हा माझ्यात काहीतरी टाकून जायचा. गाणी जोडायचं एक, दिवे नाचवायचं एक, दोन-तीन खेळ. त्यातलं प्रत्येक माझ्याबरोबरच उठायला बघायचं. वर व्हायरस येऊ नये म्हणून त्यानं राखणदार ठेवले, तेही दोन. एका दारावर दोन वॉचमन ठेवले तर ते आधी एकमेकांचीच झडती घेतात. मी उंबऱ्यात ताटकळत.

मी वर येईस्तोवर विनिता कपाळाला हात लावून बसायची. शेजारी खाटेवर शेवंती वाल सोलत असायची. विनिता माझ्यावर चिडली की म्हातारी म्हणायची, असू दे गो, येतंय ते. आणि सोलता सोलता गुणगुणायची. विनिताचं लक्ष माझ्या काळ्या पडद्यावर असायचं, किंवा मला तरी तसं वाटायचं.

मग शेवंतीला लकव्यानं गाठलं. हातपाय हळूहळू परतले, जीभ परतली नाही. सगळं समजायचं तिला. बोलायला जायची तर नुसता घोगरा सूर निघायचा, शब्द नाही. त्यानंतर वाड्यावस्त्यांवरून तिला बोलावणी यायची थांबली. नवीन पोरी धवले शिकल्याच नव्हत्या. लोकांनी हितेशला बोलावलं.

अशात विनिताचं लग्न ठरलं. वर्तकनगरचा प्रीतम. घरात आनंद, पण शेवंती खिडकीशी बसलेली असायची. एवढ्या गावाच्या पोरींना हळदीला बसवलं आणि आपल्याच नातीच्या हळदीला आपण मुकी. ती कोणाला काही सांगू शकत नव्हती, पण एके दिवशी तिनं येऊन माझ्या झुलीवर हात ठेवला आणि विनिताकडे पाहिलं. विनिताला कळलं. म्हणाली, “हो आजी. तुझेच धवले वाजतील.”

आणि नेमका मी उठेना. निळी खूण फिरत राहायची आणि मी तिथंच अडकायचो. हळदीला थोडेच दिवस उरलेले. विनिता कामावर गेली असताना देवरामनं हितेशला बोलावलं. हितेश माझ्यासमोर मांडी ठोकून बसला, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाला, मामा, टेन्शन नको घेऊ, फॉरमॅट मारतो, नव्यासारखा पळेल.

फॉरमॅट म्हणजे पोट धुऊन काढणं. कुठलंही दुखणं सांगा, त्याच्याकडे औषध एकच. मी काय बोलणार? शेवंती उठली, त्याचं मनगट धरलं आणि मान हलवत राहिली. हितेशला वाटलं, म्हातारीला चहा हवा. त्यानं मामीला हाक मारली.

विनिता त्या दिवशी लवकर आली हे माझं नशीब. चपलाही न काढता ती आत आली.

“हितेश, हात काढ. त्यात आजी आहे.”

हितेश चपापला. धवल्यांचं त्याच्या ध्यानातच नव्हतं. खाली मान घालून म्हणाला, मग आधी पेनड्राइव्हवर घे की. विनिता म्हणाली, घ्यायला तो उठायला तर हवा.

मग ती बसली माझ्याजवळ. आधी झूल काढली. माझ्या डब्याला हात लावला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. जाळीतून लुगड्याच्या धाग्यांचे, धुळीचे बोळेच्या बोळे निघाले. ब्रशनं तिनं ते हळूच काढले. शेवंती पाहत होती. आपली झूल आणि तो धुळीचा बोळा, दोन्ही तिनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. विनितानं झुलीची घडी करून तिच्या मांडीवर ठेवली, म्हणाली, तुझी झूल होती म्हणून गंज नाही लागला बघ. ते अर्धं खरं होतं. अर्धं खरंसुद्धा वेळेला पुरतं.

वारा लागल्यावर मी कसाबसा वर आलो. विनितानं माझ्याबरोबर उठणारी मंडळी शोधून काढली आणि एकेकाला सांगितलं, तुम्ही बोलावल्यावर या. दोन राखणदारांपैकी एकाला निरोप दिला. हितेशला विचारून विचारून करत होती, त्यामुळे तोही मोडून पडला नाही. मला हलकं वाटलं. पुन्हा बंद करून चालू केलं तर निम्म्या वेळात उठलो. देवरामनं टाळी वाजवली.

पण उरलेला निम्मा काही जाईना. तेव्हा शेवंतीनं विनिताचा हात ओढला. माझ्या डब्यावर एक बोट ठेवलं आणि टिचकी मारली. टक. थांबून, टक टक. पुन्हा टक. उभा जन्म तालात गेलेली बाई. घरातल्या गडबडीत तिला माझा आतला ठेका चुकलेला ऐकू आला होता. विनितानं कान लावला. तिचा चेहरा उतरला. दुखणं उठण्यात नव्हतं, पोटातच होतं. डिस्क जायला आली होती. एक ओळ वाचायला मी तिथंच पुन्हा पुन्हा अडखळत होतो, म्हणून उशीर.

त्यानंतर तिनं मला बंद करू दिलं नाही. पंखा माझ्याकडे वळवून ठेवला आणि एकेक धवला बाहेर काढायला घेतला. मी जीव एकवटून देत होतो. उंबराचा आला, मांडवाचा आला, पाटावरचा आला. हळदीचा येईना. अर्ध्यावर यायचा आणि टक टक. विनितानं कितीदा मागितला. मग डिस्क गप्प झाली, ती कायमची.

तिनं शेवंतीला सांगितलं. लपवलं नाही. म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला, एवढंच.

मला नवीन डिस्क बसवली. हिच्यात काही फिरत नाही, टक टक नाही. उरलेले धवले तिच्यात ठेवले, आणि मोबाईलमध्येही, आणि हितेशकडेही. तो उद्या एकदाचा आला.

हळदीच्या दिवशी मी खिडकीत होतो. हितेशनं माझ्यापासून अंगणातल्या स्पीकरपर्यंत वायर ओढली होती. मांडवाला फांदी बांधताना शेवंतीचा खणखणीत आवाज अंगणात घुमला आणि बायका हातातली कामं सोडून उभ्या राहिल्या. म्हातारी खुर्चीत ताठ बसली होती, नवीन लुगड्यात.

मग विनिता पाटावर बसली. हळदीची वाटी पुढं आली. पहिली बोटं बुडाली आणि सगळ्यांनी स्पीकरकडे पाहिलं. हितेशनं माझ्याकडे पाहिलं. माझ्यापाशी काही नव्हतं. असं रितं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. म्हातारी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाला सुरुवात येत होती, कोणाला शेवट.

शेवंतीच्या घशातून सूर निघाला. शब्द नाही, नुसती चाल. वाल सोलताना निघायची तीच. आणि पाटावरची विनिता, मान खाली, डोळे मिटलेले, सावकाश म्हणायला लागली:

“खारीच्या बांधाशी गो उंबराची फांदी,
पयली हलद तिला गो, मंग माज्या नवरीला...”

कोणीतरी कुजबुजलं, नवरी आपलाच धवला म्हणते होय? बाजूच्या विमलाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. विनिता अडखळली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गेली. आपल्याला एवढं येतं हे तिलाही तेव्हाच कळलं असावं. मी मात्र ओळखलं. मी उठत नव्हतो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, पण ऐकत आजीला होती.

आता विनिता वर्तकनगरला असते. लग्नघरची बोलावणी तिला येतात; सुटीच्या दिवशी ती जाते. माझी झूल आता मी बंद झाल्यावरच घालतात, शेवंती स्वतः घालते. माझी गेलेली डिस्क तिनं टाकू दिली नाही. देव्हाऱ्याखाली तिच्या सुपारीच्या डब्यात आहे.

तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी असेल, सकाळी रखडणारा. त्याला पाडू नका, घाईनं पोट धुऊ नका. आधी अंगाला हात लावून बघा, तापलाय का. कान देऊन ऐका. आणि त्याच्यात कोणी आपलं असेल तर त्याला आधी बाहेर काढा.

काल विनिता आली होती. सवयीनं तिनं माझं बटण दाबलं. मी लगेच उठलो, उजळून बसलो. तिनं बघितलं सुद्धा नाही. खाटेवर जाऊन बसली, शेवंतीच्या सुपातले मूठभर वाल ओढले आणि सोलायला लागली. म्हातारीनं सूर धरला. पोरीनं शब्द.

बराच वेळ कोणी हात लावला नाही की माझा पडदा आपोआप काळा होतो. तसा तो झाला. मी जागाच होतो.