खुर्ची भिंतीकडे

सून सोमवारपासून पुन्हा कामावर जाणार होती. दुपारी दोन ते पाच आजीही कामावर असत, तेव्हा आठ महिन्यांच्या नातीला सांभाळणार कोण, एवढाच प्रश्न उरला होता. आजोबा म्हणाले, मी आहे की. मुलाने अट घातली, आधी कान तपासून घ्या.

आजोबांची अडतीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात गेली होती. आपले कान ठणठणीत आहेत, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

तपासणाऱ्या बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. आजोबांनी एकही आवाज सोडला नाही. कान पंचविशीतल्या माणसाचे आहेत, बाई चकित होऊन म्हणाल्या.

सोबत आलेल्या आजींना ते पटेना. काल यांच्या पाठीमागे माझ्या हातून पातेलं पडलं तेव्हा यांनी पेपरचं पान उलटलं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

बाईंनी आजोबांना विचारलं, तुम्ही बघत कुठे होतात?

"काचेतून तुमच्या खांद्याकडे. तुम्ही कळ दाबली की उजवा खांदा जरासा हलतो. तेच ओळखायचं होतं ना?"

मागांच्या शेडमध्ये हाक मारून उपयोग नसे. मुकादम भुवयांनी बोलवायचा. धागा तुटल्याचं शेजारचा दोन बोटांनी सांगायचा. तपासायचं ते माणसाचं लक्ष, असं आजोबा धरून चालले होते.

बाईंनी खुर्ची भिंतीकडे वळवली. या वेळी आलेखाची रेघ उंच, बारीक आवाजांपाशी घसरगुंडीसारखी खाली आली. गेलेलं परत येत नाही, बाई म्हणाल्या, पण उरलेल्याला कानातल्या यंत्राची जोड देता येते.

"आणि पोरीचं रडणं?" आजोबांनी तेवढंच विचारलं.

"येईल ऐकू. यंत्रं काढून ठेवायची नाहीत, बस्स."

यंत्रं शनिवारी आली. सोमवारी पाचला सून घरी पोचली तर आत चिडीचूप. ती चपला न काढताच आत धावली. खोलीत नात आजोबांच्या मांडीवर बसून त्यांचं बोट चावत होती. रडली नाही का, सुनेने विचारलं.

"रडू दिलं तर ना. आधी तिचा खालचा ओठ थरथरतो. चांगले चार सेकंद मिळतात. तुम्हांला कुणाला दिसत नाही?"

मग फ्रिज इतका बडबड्या आहे हे मला कुणी सांगितलं नाही, अशी त्यांनी तक्रार केली.

सून पाठमोरी होऊन पर्स खुंटीला अडकवू लागली. मुद्दामच हळू आवाजात म्हणाली, "बाबा, उद्याही दोनलाच हं."

"तिला खाऊ घालून जा," मागून उत्तर आलं.