उरलेली भाकर

चारुता अमरावतीहून तेल्हाऱ्याला आली होती ती प्रबंधासाठी. घरच्या वळणाचा मुलांच्या खाण्यावर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. सोळा वर्षांच्या रागिणीच्या रक्ताचा अहवाल पाहून ती हबकलीच होती. हिमोग्लोबिन सहा. आणि घरात बारा एकर काळी जमीन, दारात दुभती म्हैस.

मायलेकींना तिनं वेगवेगळं बसवून विचारलं. आधी आशाबाईंना.

"राती मानसं जेवले का आमी दोघी बसतो. अर्धी-अर्धी भाकर खातो, एक उरते. मी म्हनतो, मले भूक नाही, तू खाय."

"मग आणखी का थापत नाही?"

"मानसं उठले का चूल इझवा लागते. सासूबाईपासून तसंच हाय."

मग मागच्या अंगणात रागिणी. "आईले रोज चक्कर येते, मॅडम. म्हनून मीच म्हनतो, मले भूक नाही. ते भाकर आई खाते मांगून, मी उठल्यावर. तिले सांगू नका."

चारुताचा पेन थांबला. ती तडक आशाबाईंकडे गेली.

"सकाळी टोपल्यात ती भाकर असते?"

"असते ना. पोरगी खातच नाही, तिले भूकच नाही. मंग म्हशीले टाकतो."

चारुताला रागिणीचं ऐकता आलं नाही.

"तिला भूक आहे, आशाबाई. रोज असते. ती भाकर ती तुमच्यासाठी ठेवते."

आशाबाई म्हशीकडे पाहत राहिल्या. तिची पाठ उन्हात तुकतुकीत चमकत होती.